पार्श्वसंगीताचा अल्बम का रखडतो

१९८२ साली 'ब्लेड रनर' प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या अखेरच्या श्रेयनामावलीत या चित्रपटाच्या संगीताचा अल्बम पॉलिडोर कंपनीतर्फे निघत असल्याचा उल्लेख होता. प्रत्यक्षात तसा अल्बम निघालाच नाही. वँगेलिसचे सिंथेसायझरवरील संगीत ऐकून भारावलेल्या प्रेक्षकांना त्या वर्षी मिळाली ती 'न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्रा' या नावाने निघालेली, त्याच धून दुसऱ्या वादकांनी वाद्यवृंदावर वाजवलेली ध्वनिमुद्रिका. वँगेलिसचे स्वतःचे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला १९९४ साल उजाडले आणि तेही अपुरेच होते. उरलेल्यातले आणखी काही तुकडे २००७ साली तीन सीडींच्या संचातून आले. मधल्या काळात चोरट्या प्रती या हातातून त्या हातात फिरत राहिल्या. संगीतकाराला त्यातून काही मिळाले नाही आणि ऐकणाऱ्यांच्या वाट्याला सदोष आवाज आला.

चित्रपट गाजतो, संगीताचे कौतुक होते, ऐकणारे पैसे मोजायला तयार असतात, तरीही अल्बम वर्षानुवर्षे निघत नाही, याचे कारण मला वारंवार विचारले जाते. जुन्या पार्श्वसंगीताच्या ध्वनिफिती तपासून, त्यांची यादी लावून, त्यांतून ऐकण्याजोगा अल्बम तयार करण्याच्या कामात मी काही वर्षे आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. बहुतेकांचा समज असा असतो की कोणीतरी हट्टाने ते संगीत अडवून ठेवले आहे. तसे क्वचित घडतेही. पण मला दिसणारे कारण वेगळे आहे आणि ते अधिक चिवट आहे. पार्श्वसंगीत पहिल्या स्वरापासून चित्रपटाचा एक भाग म्हणून जन्माला येते. त्याचा करार चित्रपटासाठी होतो, वादकांचे मानधन चित्रपटासाठी ठरते, ध्वनिफितींवरच्या नोंदी चित्रपटाच्या संकलकासाठी लिहिल्या जातात. चित्रपटाबाहेर त्या संगीताचे काय व्हावे, हे पाहण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर लिहिलेली नसते, आणि जी जबाबदारी कोणाची नसते ती पुढे निभावणाऱ्याला सगळे धागे नव्याने गोळा करावे लागतात. इथे मी गाण्यांविषयी लिहीत नाही. गाण्यांचा अल्बम हा पुष्कळदा चित्रपटाच्या जाहिरातीचाच भाग असतो आणि त्याची तजवीज आधीपासून झालेली असते. प्रसंगांच्या मागे वाजणाऱ्या संगीताची गोष्ट वेगळी आहे.

पहिली गाठ हक्कांची. संगीताच्या प्रत्येक तुकड्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेवरचा आणि दुसरा त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावरचा. मोठ्या स्टुडिओसाठी संगीतकार काम करतो तेव्हा हे दोन्ही हक्क बहुधा निर्मात्याकडे जातात. संगीतकाराकडे उरतो तो रचनाकार म्हणून मिळणारा रॉयल्टीचा वाटा आणि करारात घातले असेल तर अल्बमविषयी मत देण्याचा अधिकार. इथवर प्रकरण सोपे आहे. पुढे स्टुडिओ विकला जातो, त्याची संगीत-प्रकाशन शाखा वेगळ्या खरेदीदाराकडे जाते, मूळ अल्बम ज्या ध्वनिमुद्रिका कंपनीने काढला होता ती दुसऱ्या कंपनीत विलीन होते, आणि एकाच चित्रपटाच्या संगीताचे कागद तीन ठिकाणी विखुरतात.

पॅरामाउंटचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १९२९ ते १९४९ या काळातील आपल्या बोलपटांचा मोठा साठा पॅरामाउंटने १९५८ साली एमसीए या कंपनीला विकला, आणि एमसीएने पुढे युनिव्हर्सल ताब्यात घेतल्यामुळे पडद्यावर पॅरामाउंटचे पर्वतचिन्ह दिसणारे ते चित्रपट आज युनिव्हर्सलच्या मालकीचे आहेत. पॅरामाउंटची संगीत-प्रकाशन शाखा 'फेमस म्युझिक' मात्र स्वतंत्रपणे चालू राहिली आणि २००७ साली ती सोनी/एटीव्हीकडे गेली. म्हणजे अशा एखाद्या चित्रपटाच्या संगीताचा अल्बम काढायचा म्हटले की चित्रपटाच्या मालकाला एक पत्र, रचनेच्या प्रकाशकाला दुसरे, आणि मूळ ध्वनिफिती नेमक्या कोणाच्या कोठारात आहेत हे शोधण्यासाठी तिसरे, असा पत्रव्यवहार सुरू होतो. एमजीएमचीही हीच गत आहे. १९८६ साली टेड टर्नर या माध्यम-उद्योजकाने एमजीएम घेतली, स्टुडिओ परत विकला पण जुना चित्रपटसंग्रह स्वतःकडे ठेवला, आणि १९९६ साली टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाल्यावर तो संग्रह तिकडे गेला.

या पत्रांना नकार येतो असे नाही. बहुतेक वेळा उत्तरच येत नाही. पार्श्वसंगीताचा अल्बम हजार-दोन हजार प्रतींचा असतो आणि त्यातून हक्कमालकाला मिळणारी रक्कम इतकी लहान असते की तिच्यासाठी जुने करार बाहेर काढून वाचायला लागणारा वकिलाचा वेळच महाग पडतो. मी ज्या एका अल्बमवर बराच काळ काम केले, त्यात सगळे जुळून आल्यावर शेवटी अडले ते एका प्रसंगात रेडिओवर वाजणाऱ्या जुन्या गाण्यापाशी. ते पडद्यावर मिनिटभरही ऐकू येत नाही. निर्मात्याने ते वापरण्याची परवानगी घेतली होती, पण ती फक्त चित्रपटापुरती होती आणि करारात अल्बमचा शब्दही नव्हता. गाणे गाळावे तर ते ज्या तुकड्यात विरघळत येते त्या तुकड्याचा पहिला अर्धा भाग जातो, कारण संगीतकाराने आपली धून मुद्दाम त्या गाण्याच्या अखेरच्या स्वरावर सुरू केली होती. शेवटी आम्ही तो तुकडा अर्ध्यावरून सुरू केला. ऐकणाऱ्याला काही खटकत नाही, पण संगीतकाराने जे साधले होते ते अल्बमवर नाही, याची मला अजूनही हळहळ वाटते.

दुसरी गाठ वादकांच्या मानधनाची आहे आणि तिच्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तिच्यावरून वादकांना नाहक बोल लावला जातो. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेच्या, म्हणजे अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सच्या करारानुसार चित्रपटासाठी वाजवलेले संगीत दुसऱ्या माध्यमात वापरायचे असेल तर वादकांना त्याचे पुन्हा मानधन द्यावे लागते. अल्बमसाठीचा हिशेब ध्वनिमुद्रिकांच्या दराने होतो आणि त्या दरात तीन तासांच्या एका सत्रामागे पंधरा मिनिटांचे संगीत धरलेले असते. ऐंशी-नव्वद जणांच्या वाद्यवृंदासाठी ही रक्कम किती होईल याची कल्पना सहज करता येते. अर्ध्या तासाच्या अल्बमला दोन सत्रांचे मानधन लागे, पाऊण तासाच्या अल्बमला तीन सत्रांचे, आणि तेही एक प्रत विकली जाण्याआधी. म्हणूनच १९८० आणि १९९०च्या दशकांत लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या कितीतरी पार्श्वसंगीताच्या सीडी जेमतेम तीस मिनिटांच्या आहेत. सीडीवर सत्तर मिनिटांहून अधिक जागा असताना अर्ध्याहून जास्त जागा रिकामी का, असे तेव्हा चाहते चिडून विचारत आणि व्हारेझ साराबांदसारख्या कंपन्यांना कंजूष ठरवत. पण इतर मोठ्या कंपन्या ज्या संगीताला हातही लावत नव्हत्या, ते निदान अर्धा तास तरी बाहेर आणणारी हीच कंपनी होती.

याच खर्चामुळे अल्बमसाठी वेगळ्याच शहरात, वेगळ्याच वाद्यवृंदाकडून संगीत पुन्हा वाजवून घेण्याची पद्धतही रुळली. १९५९ साली 'बेन-हर'सोबत जो अल्बम निघाला त्यात चित्रपटातले ध्वनिमुद्रण नव्हतेच. मिक्लोश रोझाचे ते संगीत रोममध्ये कार्लो साव्हिना यांच्या संचालनाखाली पुन्हा वाजवले गेले होते. ज्या वादनाने प्रेक्षक थरारले ते मूळ वादन ऐकायला कित्येक दशके थांबावे लागले, आणि सगळ्या पर्यायी तुकड्यांसह ते पाच सीडींच्या संचात आले तेव्हा २०१२ साल होते.

वादकांनी आपला हक्क सोडावा असे मला मुळीच वाटत नाही. ज्या माणसाने सकाळी दहा वाजता, पूर्वी कधीही न पाहिलेले पान समोर ठेवून, पडद्याच्या मापाने अचूक वाजवले, त्याच्या वादनावर दुसऱ्या कोणी पैसे मिळवत असेल तर त्यात त्याचा वाटा असलाच पाहिजे. अडचण हक्काची नव्हती, सगळी रक्कम आगाऊ भरण्याची होती. मर्यादित प्रतींच्या जुन्या संगीतासाठी सवलतीचे दर मान्य झाल्यावर चित्र पालटले. तीन हजार प्रतींचे, क्रमांक घातलेले संच निघू लागले. मायकेल केमेनने १९८८ साली 'डाय हार्ड'साठी केलेले संगीत चित्रपटाच्या वेळी अल्बमरूपात आलेच नव्हते. ते २००२ साली व्हारेझ साराबांदच्या मर्यादित मालिकेत तीन हजार प्रतींमध्ये आले. इंट्राडा, ला-ला लँड, फिल्म स्कोअर मंथली यांसारख्या लहान कंपन्यांनी या वाटेने जे काम केले त्याला तोड नाही. तरी त्यातही एक दुखणे आहेच. तीन हजार प्रती संपल्या की ते संगीत पुन्हा मिळेनासे होते आणि जुन्या प्रतींचे भाव सामान्य ऐकणाऱ्याच्या आवाक्याबाहेर जातात.

समजा, हक्क मिळाले आणि मानधनाचाही मेळ बसला. आता ध्वनिफीत हवी. ऐकणाऱ्यांना हे खरे वाटत नाही, पण सर्वांत जास्त काळ जातो तो इथे. चित्रपटाच्या अंतिम ध्वनिपट्टीतून संगीत उचलता येत नाही, कारण तिथे त्यावर संवाद, पावलांचे आवाज, दारे आणि बंदुका चढलेल्या असतात. परदेशी भाषांतील संवाद बसवण्यासाठी संगीत आणि ध्वनिपरिणाम यांची वेगळी पट्टी केलेली असते, पण तिच्यातही संगीत ध्वनिपरिणामांच्या खाली दबलेले असते आणि प्रसंगानुसार त्याचा आवाज वरखाली केलेला असतो. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या दिवसाची मूळ फीतच शोधावी लागते. १९५०च्या दशकापासून हे संगीत पुष्कळदा ३५ मिलिमीटरच्या, चुंबकीय लेप दिलेल्या फिल्मवर तीन ट्रॅकमध्ये घेतले जाई. त्या फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा असेल तर तो काळाने कुजतो, त्याला शिरक्याचा उग्र वास येतो, फिल्म आक्रसते, आणि तिच्या कडेची छिद्रे यंत्राच्या दातांशी जुळेनाशी होतात. स्टुडिओंनी अशी रिळे जागा अडते म्हणून टाकून दिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

१९७० आणि १९८०च्या दशकांतील फितींचा आजार वेगळा आहे. त्यांच्यावरचा चुंबकीय लेप धरून ठेवणारा पदार्थ हवेतील ओल शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत तशीच यंत्रावर चढवली तर ती चिरचिरत अडते आणि लेपाचा तपकिरी थर यंत्राच्या हेडवर खरवडून राहतो. तो थर म्हणजेच संगीत. एकदा तो निघाला की परत येत नाही. यावर उपाय म्हणजे फीत सुमारे ५४ अंश सेल्सियस इतक्या बेताच्या उष्णतेत कित्येक तास भाजणे. त्यानंतर काही आठवडे ती नीट वाजते आणि त्या अवधीत तिची डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. पहिल्यांदा भाजलेली फीत यंत्रावर चढवताना मी पाहिली तेव्हा खोलीतले सगळे जण बोलायचे थांबले होते, कारण ती एकमेव प्रत होती हे प्रत्येकाला ठाऊक होते.

फीत वाजली तरी तीत काय आहे हे कळायला खोक्यावरची नोंद लागते. पार्श्वसंगीताच्या तुकड्यांना नावे नसतात, क्रमांक असतात. 'पाच एम दोन' म्हणजे पाचव्या रिळातला दुसरा तुकडा. माझ्यासमोर एकदा आलेल्या खोक्याच्या झाकणावर शिसपेन्सिलीने टेकची, म्हणजे एकाच तुकड्याच्या वेगवेगळ्या वादनांची, यादी लिहिली होती. पाच एम दोनचे सात टेक, चौथ्यासमोर 'चांगला', सातव्यासमोर गोल खूण, आणि बाजूला बाण काढून 'सुरुवात चारमधून, चोविसाव्या मात्रागटापासून सात'. म्हणजे चित्रपटात ऐकू येणारा तुकडा एका सलग वादनाचा नव्हताच, तो दोन वादनांचा जोड होता. ती ओळ झाकणावर नसती तर आम्ही सातवा टेक अखंड वापरला असता, आणि ज्याने तो चित्रपट अनेकदा पाहिला आहे त्याला पहिल्याच मिनिटात चुकल्यासारखे वाटले असते. अशा शेकडो ओळी असतात. त्यातल्या काही पुसलेल्या असतात, काही खोकी अदलाबदल झालेली असतात, आणि संकलनात प्रसंग छाटला गेल्यावर संगीताचे कोणते माप बदलले याची नोंद बहुधा कोणी केलेलीच नसते. मग पडद्यावरचा प्रसंग आणि फीत शेजारी शेजारी लावून, तुकडा तुकडा ताडून पाहण्याला पर्याय राहत नाही. हे काम कंटाळवाणे असेल असे लोकांना वाटते. मला ते या क्षेत्रातले सर्वांत समाधानाचे काम वाटते, कारण संगीतकाराने काय योजले आणि चित्रपटाने त्याचे काय केले हे तिथे उघडपणे दिसते.

फीतच नसेल तर काय करायचे? मग नोटेशनचे कागद शोधायचे आणि पुन्हा वाजवायचे. पण कागदही टिकलेले असतातच असे नाही. एमजीएमने १९६९च्या सुमारास आपल्या संगीत ग्रंथालयातील वाद्यवृंदाचे कागद भरावात टाकले. त्या स्टुडिओच्या संगीतिकांचे वाद्यसंयोजन जॉन विल्सन या इंग्रज वाद्यवृंद-संचालकाने चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकून, कानाने उतरवून काढले, आणि २००९ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात ते वाजवले. मॅक्स स्टायनरच्या १९३३च्या 'किंग काँग'चे पूर्ण संगीत जॉन मॉर्गन यांनी पुन्हा जुळवले आणि विल्यम स्ट्रॉमबर्ग यांनी ते मॉस्को सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. हे श्रम अफाट आहेत आणि त्यांचे मोल मी कमी लेखणार नाही. तरीही पुन्हा वाजवलेले संगीत हे दुसरेच वादन असते. कोठारांचीही शाश्वती नाही. १ जून २००८ रोजी युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत युनिव्हर्सल म्युझिकच्या फितींचे कोठार जळाले. त्याचे गांभीर्य लोकांपुढे आले ते थेट २०१९ साली, न्यूयॉर्क टाइम्सच्या वृत्तान्तामुळे, आणि नेमके किती नष्ट झाले यावर कंपनी आणि वृत्तपत्र यांच्यात मतभेद राहिले.

अशा वेळी वाचवते ती संगीतकाराने स्वतःजवळ ठेवलेली प्रत. अ‍ॅलेक्स नॉर्थने १९६८ साली '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी संगीत लिहिले, ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रितही झाले, आणि चित्रपटाच्या खेळाला जाऊन बसल्यावर त्याला कळले की त्यातला एकही स्वर वापरलेला नाही. जे संगीत चित्रपटातच नाही त्याचा अल्बम काढण्यात स्टुडिओला कोणता रस असणार? नॉर्थच्या मृत्यूनंतर, १९९३ साली, त्याचा मित्र जेरी गोल्डस्मिथ याने नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून ते पुन्हा वाजवून घेतले. मूळ ध्वनिमुद्रण २००७ साली इंट्राडाने काढले, आणि ते निघू शकले याचे कारण नॉर्थने जपलेल्या मोनो प्रती. चाळीस वर्षे एका माणसाच्या घरात फीत टिकली म्हणून आज आपल्याला ते संगीत ऐकता येते.

सगळे जमले तरी अल्बममध्ये काय ठेवायचे हा प्रश्न उरतोच, आणि इथे चाहते आणि संगीतकार यांचे नेहमी पटते असे नाही. चाहत्यांना प्रत्येक तुकडा, चित्रपटातल्या क्रमाने हवा असतो. संगीतकारांना पुष्कळदा तसे नको असते. वीस सेकंदांचे चार तुकडे पडद्यावर अर्थपूर्ण असतात, पण नुसते ऐकताना ते सुरू होण्याआधीच संपतात. त्यामुळे ते जोडून, क्रम बदलून, पुनरावृत्ती काढून सलग ऐकण्याजोगी रचना करावी लागते. मी संगीतकाराच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर. संगीतकाराने केलेली निवड आधी ऐकायला मिळावी आणि जागा असेल तर बाकीचे तुकडे तिच्यानंतर यावेत. निवड करणारा संगीतकार नसून विक्री विभाग असतो तेव्हा मात्र माझी सहानुभूती संपते. १९८५च्या 'बॅक टू द फ्यूचर'च्या अल्बमवर गाणीच गाणी आहेत आणि अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीच्या वाद्यवृंदाचे फक्त दोन तुकडे. जे संगीत तो चित्रपट अक्षरशः धावता ठेवते ते पूर्ण रूपात यायला २००९ उजाडले.

तुकड्यांना नावे देणेही वाटते तितके निरुपद्रवी नाही. अल्बम चित्रपटाआधी बाजारात येतो आणि नावावरून कथा फुटू शकते. १९९९ साली 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागाचा अल्बम चित्रपटाच्या दोन आठवडे आधी आला आणि त्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या एका शीर्षकात एका प्रमुख पात्राचा अंत सरळ लिहिलेला होता. मुखपृष्ठाचीही अशीच कटकट असते. चित्रपटाचे पोस्टर वापरण्याचा हक्क संगीताच्या हक्काबरोबर आपोआप येत नाही, आणि नटाचा चेहरा छापायचा तर त्याची संमती वेगळी लागते.

आता ध्वनिफिती गेल्या, दुकाने कमी झाली, सगळे ऐकणे फोनवर आले, तेव्हा हा त्रास संपला असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. छपाईचा आणि वाहतुकीचा खर्च संपला हे खरे आहे आणि त्यामुळे पूर्वी कधीच न निघालेले पुष्कळ पार्श्वसंगीत आज ऐकायला मिळते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वितरकाकडे अल्बम चढवताना दोन्ही हक्क कोणाचे, कोणत्या देशांसाठी आणि किती वर्षांसाठी, हे तसेच विचारले जाते. प्रत्येक तुकड्याला बारा अक्षरांचा स्वतंत्र ओळख-संकेतांक लागतो, रचनाकारांची नावे आणि वाटे बिनचूक भरावे लागतात. परवान्याची मुदत संपली की अल्बम एका रात्रीत दिसेनासा होतो आणि ऐकणाऱ्याकडे काहीच उरत नाही, जे सीडीच्या बाबतीत होत नव्हते. शिवाय जतनाची स्थिती सुधारली आहे असे मला दिसत नाही. दहा वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण असलेली हार्डडिस्क उघडली तर आत शेकडो फाइली असतात, ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या केल्या ते आता तसे चालत नाही, ज्या आभासी वाद्यांवर अर्धे संगीत उभे होते ती संगणकावर उरलेली नसतात, आणि 'अंतिम', 'अंतिम नवा', 'अंतिम दुरुस्त' अशा नावांच्या तीन फाइलींतील कोणती चित्रपटात गेली हे सांगायला शिसपेन्सिलीची ओळही नसते. फीत भाजून वाजवता येते. उघडत नसलेल्या फाइलीला तसा उपाय नाही.

म्हणून संगीतकार भेटतात तेव्हा, विशेषतः पहिला-दुसरा चित्रपट करणारे, मी त्यांना चित्रपटाच्या करारातच अल्बमविषयी कलम घालून घ्यायला सांगते. निर्मात्याने प्रदर्शनानंतर ठरावीक मुदतीत, समजा वर्षभरात, अल्बम काढला नाही तर तो काढण्याचा हक्क संगीतकाराकडे यावा, आणि त्यातील निर्मात्याचा वाटा तेव्हाच ठरलेला असावा, इतके त्यात असले तरी पुरते. चित्रपटात वापरलेल्या दुसऱ्यांच्या गाण्यांची परवानगी घेताना अल्बमचा उल्लेख तिथेच करून घेतला तर तेव्हा लागणारे पैसे नंतरच्या मानाने नगण्य असतात, कारण चित्रपट अजून गाजलेला नसतो. वादकांशी होणाऱ्या करारातही अल्बमचा दर पहिल्या दिवशी लिहिलेला असावा. आणि मिक्सिंग संपले त्याच आठवड्यात, सॉफ्टवेअरवर अवलंबून न राहता, प्रत्येक तुकड्याची साधी स्टिरिओ फाइल आणि प्रत्येक वाद्यगटाची सुटी फाइल काढून ती दोन वेगळ्या जागी ठेवावी, सोबत टेकची यादी कागदावर छापून ठेवावी. निर्माते या कलमांना सहसा हरकत घेत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्या टप्प्यावर अल्बमचा विचार त्यांच्या मनात नसतोच, आणि मागितले तर ते देतात.